राफ्टिंगच्या जाहिरातीत पाण्याचे तापमानही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीतील हिमालय सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या पर्यटन पुरवणीत येत आहेत. हृषीकेश असो वा कुलू-मनाली, कार्यक्रमात राफ्टिंग असतेच आणि त्यापुढे बहुतेक ठिकाणी एक वाक्य असते, ‘पोहता येणे आवश्यक नाही’. हे वाक्य खोटे नाही. चांगले लाईफ जॅकेट न पोहणाऱ्यालाही तरंगत ठेवते. पण हिमालयातल्या नदीत पट्टीचा पोहणाराही अडचणीत येतो तो पोहता न आल्यामुळे नव्हे, तर पाण्याच्या गारठ्यामुळे आणि वेगामुळे. त्याबद्दल जाहिरातीत एक ओळही नसते. म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रातील बहुतेकांनी राफ्टिंग पहिल्यांदा केलेले असते ते कोलाडला. तिथली कुंडलिका भिऱ्याच्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर वाहते. ते पाणी मुळशीच्या तलावातले, म्हणजे सह्याद्रीतल्या पावसाचे. त्यात पडलेला माणूस भिजतो, घाबरतो, हसतो आणि पुन्हा राफ्टमध्ये चढतो. हाच अनुभव गाठीशी बांधून लोक गंगेवर जातात. गंगेचे पाणी मात्र वेगळे आहे. अलकनंदा आणि भागीरथी दोन्ही बर्फातून येतात, देवप्रयागला मिळतात आणि तिथून हृषीकेशपर्यंतच्या साधारण सत्तर किलोमीटरच्या खोल घळईत त्या वेगवान पाण्याला तापायला वेळच मिळत नाही. त्यात मोठ्या धरणाच्या खोल थरातून वीजगृहात जाणारे पाणी भर उन्हाळ्यातही गारच असते. कुलूची बियास तर रोहतांगच्या परिसरातून उतरून थोड्याच अंतरात राफ्टिंगच्या पट्ट्यात पोचते. मे महिन्यात काठावर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि नदीत बर्फ वितळण्याचा जोर वाढत असतो. हवा आणि पाणी यांच्यातली ही तफावतच फसवते. दोन्ही तापमानांची बेरीज करून कपडे ठरवण्याचा एक जुना नियम परदेशात सांगितला जाई. तो अशा नद्यांवर सरळ चुकीचा ठरतो, कारण पाण्यात पडलेल्या माणसाला हवेचा काहीच उपयोग नसतो. कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे ठरवायचे.

पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. पण पहिला धोका शरीर थंड पडण्याचा नसतो, तो असतो श्वासाचा. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात अंग अचानक बुडाले की त्वचेतून मेंदूला एवढा जोराचा संदेश जातो की माणूस नकळत एकदम मोठा श्वास आत ओढतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. नंतरचे मिनिटभर धाप लागते, श्वास रोखून धरता येत नाही. एरवी मिनिटभर श्वास धरणाऱ्याला इथे दहा सेकंदही धरता येत नाही. नाडी आणि रक्तदाब झपाट्याने चढतात. हृदयाचे दुखणे असलेल्यांना धोका इथेच आहे. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ पोहण्याचा प्रयत्न करायचा नाही. उताणे तरंगायचे, राफ्टची कडेची दोरी हातात असेल तर ती सोडायची नाही, आणि श्वास मुद्दाम लांब सोडायचा. लाटांच्या रांगेत सापडलात तर दोन लाटांमधल्या खोलगट भागात श्वास घ्यायचा आणि लाट तोंडावर फुटताना तोंड मिटायचे. बहुतेक जण नेमके उलटे करतात. लाटेच्या माथ्यावर डोके वर येते, तेव्हा ते आ वासतात आणि त्याच वेळी फेसाळ पाणी तोंडात जाते.

दुसरी अवस्था हातापायांची. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी ‘१-१०-१’ असे सूत्र दिले. गोठणबिंदूच्या जवळच्या पाण्यात श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातापायांनी उपयोगी हालचाल करता येण्यासाठी दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. गंगेचे पाणी एवढे थंड नसते, त्यामुळे मुदत वाढते, पण क्रम तोच राहतो. शरीराच्या गाभ्याची उष्णता उतरण्याच्या कितीतरी आधी बोटांची पकड जाते. म्हणून सुटकेचा दोर पहिल्यांदा हाताशी येईल तेव्हाच धरायचा. ‘पुढच्या वळणावर बघू’ म्हणेपर्यंत मूठ वळेनाशी होते.

कपड्यांबाबत आपल्याकडे सर्वांत मोठा घोटाळा सुती टी-शर्ट आणि जीन्सचा. सूत पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि वारा लागला की अंग आणखी गार करते. ओली जीन्स जड होते आणि गुडघे नीट वाकू देत नाही. आत पॉलिएस्टरचा किंवा पातळ लोकरीचा पूर्ण बाह्यांचा बनियन, त्यावर ३ मिलिमीटरचा बिनबाह्यांचा निओप्रिनचा (फोमसारख्या रबराचा) वेटसूट आणि वर वारा-पाणी अडवणारे पातळ जॅकेट, एवढे हृषीकेशच्या मोसमात बहुतेकांना पुरते. फेब्रुवारीत किंवा बियासवर पायांत निओप्रिनचे मोजेही हवेत. वेटसूट कोरडे ठेवत नाही. तो कातडीलगत पाण्याचा पातळ थर अडवून ठेवतो आणि तो थर अंगाच्या उबेने गरम होतो. त्यामुळे तो घट्टच बसला पाहिजे. भाड्याने मिळणारा ढगळ सूट पाणी आत-बाहेर खेळवत राहतो आणि त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट चालतील. चप्पल नको, अनवाणी तर नकोच, कारण काठावरचे गोटे निसरडे असतात आणि पाण्याखाली फुटक्या बाटल्या असतात. चष्म्याला मागे दोरी बांधावी. गळ्यात माळ, ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा यांपैकी काहीही नको.

लाईफ जॅकेट घातले म्हणजे झाले, असे नसते. ते मापाचे हवे. आधी सगळे पट्टे सैल करून घालायचे, मग खालचा पट्टा आवळायचा, नंतर वरचे, आणि खांद्यांचे सर्वांत शेवटी. मग सोबत्याला खांद्यांचे पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगायचे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते पाण्यात तुम्हाला सोडून वर जाईल. लहान चणीच्या माणसाला हे नेहमी भोगावे लागते, म्हणून किशोरवयीन मुलांसाठी वेगळे माप मागून घ्या आणि ते नसेल तर मुलाला काठावर ठेवा. तरणशक्तीबद्दलही विचारावे; ती न्यूटन या एककात मोजतात. सरोवरात चालणारे ५० न्यूटनचे जॅकेट उसळत्या नदीला कमी पडते. अमेरिकेत व्यावसायिक राफ्टिंगसाठीची जॅकेटे साधारण १०० न्यूटनची असतात. त्याचे कारण फेस आहे. मोठ्या लाटेखालच्या पांढऱ्या पाण्यात निम्म्याच्या आसपास हवा असू शकते, आणि जेवढी हवा जास्त तेवढे पाणी माणसाला कमी उचलते. जॅकेट असूनही काही सेकंद खाली राहिल्याचे लोक सांगतात ते यामुळे. जॅकेटच्या आतील फोम पिचून पातळ झालेला असेल, शिवण उसवलेली असेल किंवा बक्कल अर्धवट अडकत असेल, तर ते परत करून दुसरे घ्या. संकोच करू नका. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे. मागे सरकलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते.

आता राफ्टमधल्या गोष्टी. हृषीकेशला १४ किंवा १६ फुटी राफ्ट असतात. उन्हात काठावर भरलेली राफ्ट गार पाण्यात उतरवली की आतली हवा आक्रसते आणि ती मऊ पडते. मऊ राफ्ट लाटेत मधोमध दुमडते आणि खडकाला चटकन गुंडाळली जाते. चांगला गाईड पाण्यात उतरवल्यानंतर पुन्हा पंप मारतो. तो घाई करत नसेल तर त्याला घाई लावू नका. तळाच्या पट्ट्यात पावलाचा पुढचा भागच अडकवायचा, घोट्यापर्यंत पाय घुसवायचा नाही, कारण उलटताना तो निघत नाही. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ कधीही सोडायची नाही. सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते, आणि राफ्टिंगमधल्या किरकोळ जखमांत ही जखम वारंवार दिसते.

एका आज्ञेचे महत्त्व मात्र कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. राफ्ट आडवी होऊन खडकावर आदळू लागली की गाईड ‘हाय साइड’ ओरडतो. त्या वेळी सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेप घ्यायची असते. मनाचा कल नेमका उलटा असतो, खडकापासून दूर पळण्याचा. सगळे वरच्या प्रवाहाच्या बाजूला सरकले की ती कड पाण्याखाली जाते, पाणी आत शिरते आणि दोन-तीन सेकंदांत राफ्ट खडकाला चिकटून उभी राहते. मग तिच्यावर येणारा दाब माणसांच्या हाताने हटत नाही. काठावरच्या दहा मिनिटांच्या सूचनांत ही कृती प्रत्यक्ष करून घेतलीच पाहिजे. नुसती तोंडी सांगून ती अंगात मुरत नाही.

पडल्यावर काय करायचे? पहिली गोष्ट म्हणजे उभे राहायचे नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वाहत असेल, तर पाऊल दोन गोट्यांच्या फटीत अडकते, प्रवाह पाठीवर येतो आणि माणूस पुढे वाकून कंबरभर पाण्यात बुडतो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५ किलोमीटर वेगाला पायांवर साधारण ७-८ किलोंचा दाब पडतो. वेग १० झाला की दाब १५ किलो होत नाही, ३० होतो. म्हणून पाठीवर पडायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटे पाण्याबाहेर, गुडघे किंचित वाकलेले. खडक आला तर तळव्यांनी ढकलायचा. उसळते पाणी संपले की पालथे होऊन काठाकडे तिरके पोहायचे. प्रवाहाविरुद्ध पोहण्यात अर्थ नाही. चांगल्या हौशी पोहणाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरभर असतो आणि रॅपिडमधले, म्हणजे खडकाळ उतारावर उसळत जाणाऱ्या टप्प्यातले, पाणी त्याच्या तिप्पट वेगाने जाऊ शकते. मोठ्या खडकामागे पाणी उलटे फिरून शांत होते, गाईड त्याला ‘एडी’ म्हणतात. लक्ष्य ते ठेवायचे. या सगळ्याला एकच अपवाद. पाण्यात आडवे पडलेले झाड दिसले तर पाय पुढे ठेवायचे नाहीत. फांद्यांतून पाणी जाते, माणूस जात नाही. तिथे पालथे होऊन डोके पुढे ठेवून जोराने पोहायचे आणि पोचताच अंग उचलून झाडावर चढायचे.

उलटलेल्या राफ्टखाली सापडलात तर वरचा तळ हाताने चाचपत एकाच दिशेने सरकत राहायचे. दिशा बदलली की माणूस तिथल्या तिथे घोटाळत राहतो. फेकलेला दोर छातीशी दोन्ही हातांनी धरायचा, तो खांद्यावरून मागे जाईल अशी पाठ करायची. मनगटाला गुंडाळायचा नाही, जॅकेटला बांधायचा नाही. आणि सोबत्याला राफ्टमध्ये ओढताना त्याचे हात धरू नका. त्याच्या जॅकेटचे खांद्यांवरचे पट्टे दोन्ही हातांनी धरा, गुडघे राफ्टच्या कडेला टेकवा आणि स्वतः मागे पडा. अंगाच्या वजनाने तो आत येतो, हाताच्या ताकदीने येत नाही.

शांत पाण्यात गाईड ‘उतरा, बॉडी सर्फिंग करा’ म्हणतो, खडकावरून उड्या मारायला लावतो. जॅकेटसह उतरण्यास आमची हरकत नाही. पण आधी तोंड, मान आणि छाती पाण्याने भिजवा, राफ्टची दोरी धरून हळू उतरा आणि दोन-तीन मिनिटांत वर या. उंचावरून उडी म्हणजे वर सांगितलेला श्वासाचा झटका पाण्याखाली घेणे. रक्तदाब, हृदयविकार, दमा, फिट्स यांपैकी काही असेल तर ती उडी नकोच, आणि गरोदर स्त्रियांनी राफ्टिंगच टाळावे. आदल्या रात्रीची किंवा त्या दिवशीची दारू तर अजिबात नको. दारूने कातडीतले रक्त वाढते, उष्णता झरझर जाते आणि माणसाला मात्र ऊब वाटत राहते.

आता पाण्याच्या पातळीबद्दल, कारण राफ्टमध्ये न बसणाऱ्यांचाही जीव यात गुंतलेला आहे. भागीरथीवर टिहरीचे २६०.५ मीटर उंचीचे धरण आहे. १००० मेगावॉटचे हे वीजकेंद्र २००६ पासून चालू आहे. विजेची मागणी वाढते त्या वेळी पाणी सुटते. खाली कोटेश्वरचे धरण ते थोडे सावरून घेते, तरीही गंगेची पातळी एका दिवसात वरखाली होते. सकाळी पांढऱ्या वाळूचा दिसलेला पट्टा दुपारी पाण्याखाली असू शकतो. रॅपिडचा दर्जा, म्हणजे एक ते सहा अशी अवघडपणाची चढती पायरी, हाही पाण्यावर ठरतो. हृषीकेशच्या वरच्या बाजूच्या शिवपुरीहून खाली येणाऱ्या १६ किलोमीटरच्या पट्ट्यात ‘रोलर कोस्टर’, ‘गोल्फ कोर्स’ यांसारखे रॅपिड आहेत. वरच्या टप्प्यातील ‘द वॉल’ सर्वांत अवघड धरला जातो. कमी पाण्यात तिसऱ्या दर्जाचा असलेला रॅपिड जास्त पाण्यात चौथ्या दर्जाचा होतो, तर एखादा उलट बुजून सपाट होतो. तेव्हा ‘तिसऱ्या दर्जाचे आहे’ हे उत्तर अपुरे आहे. आजच्या पाण्यात कितव्या दर्जाचे, हे विचारा.

८ जून २०१४ रोजी हिमाचलमधील मंडी जिल्ह्यात बियासच्या पात्रात खडकांवर छायाचित्रे काढत असलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते राफ्टिंग करत नव्हते. काठावर उतरले होते, एवढेच. आपल्याकडून चारधामला आणि हरिद्वारला जाणाऱ्या हजारो कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. राफ्टमध्ये निदान जॅकेट असते, गाईड असतो; वाळूवर स्नानाला उतरणाऱ्याकडे काहीच नसते. घाटावर साखळी असेल तिथेच उतरावे आणि साखळी हातातून सोडू नये. मोकळ्या वाळूवर गुडघ्याच्या पुढे जाऊ नये, कारण वाळूचा काठ पाण्याखाली एका पावलात तुटतो. पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा भोंगा ऐकू आला, तर कपडे-मोबाईल गोळा करत बसू नये, सरळ उंचावर जावे. बुडणाऱ्यामागे उडी टाकू नये. ओढणी, काठी, रिकामा पाण्याचा कॅन, जे हाताशी असेल ते फेकावे.

बाहेर काढलेला माणूस कुडकुडत असेल तर ते चांगले लक्षण आहे. कुडकुडणे थांबले, बोलणे अडखळू लागले, तो उगाच चिडू लागला, तर शरीराचा गाभा थंड पडू लागला आहे. त्याला आडवे निजवा, वाऱ्यापासून आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, डोके झाका. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर कोमट गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ बसवू नका, चालायला लावू नका आणि ब्रँडी पाजू नका. हातापायांत अडकलेले थंड रक्त एकदम हृदयाकडे येऊ नये यासाठी हे सगळे. छातीत पाणी गेल्याची थोडीही शंका असेल, खोकला थांबत नसेल, तर माणूस बरा दिसत असला तरी त्याला डॉक्टरकडे न्या. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

महाराष्ट्रातून सहली नेणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. स्थानिक राफ्टवाला तुम्ही ठरवता, पर्यटक नव्हे. तेव्हा पैसे ठरवण्याआधी विचारा की किमान दोन राफ्ट एकत्र सोडतात का की एकटीच, पुढे सेफ्टी कयाक (मदतीसाठीची एका माणसाची अरुंद होडी) असतो का, प्रत्येक राफ्टमध्ये २० मीटरच्या आसपास लांबीचा तरंगणारा दोर पिशवीत आहे का, वेटसूट आणि लहान मापाची जॅकेटे किती आहेत, राफ्टची क्षमता किती आणि माणसे किती बसवणार. उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नका, तो शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त असला तरी. सायंकाळी उशिराची फेरी घेऊ नका; ऊन गेले की ओल्या अंगाला वारा झोंबतो आणि शोधकार्याला उजेड उरत नाही. राफ्टवाल्याने ‘आज पाणी जास्त आहे, जाणार नाही’ म्हटले, तर पर्यटकांसमोर त्याची बाजू घ्या आणि पैसे परत देण्याची अट आधीच लिहून ठेवा. बहुतेक वेळा नकाराला विरोध होतो तो बुडणाऱ्या पैशामुळे.

आणि आपल्याला विनंती. पुरवणीत राफ्टिंगची जाहिरात किंवा लेख छापताना चार गोष्टी मागून घ्याव्यात: त्या महिन्यातले पाण्याचे तापमान, टप्प्याचा दर्जा, वेटसूट दराच्या आत आहे की वेगळा, आणि वयाची व प्रकृतीची अट. जाहिरातदाराला तापमान माहीत नसेल, तर दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर राफ्टवाल्याकडून दोन मिनिटे पाण्यात सोडवून तो आकडा त्याला कळवता येईल.

कळावे,
आपले,
नदीत वल्हवणारे काही वाचक, पुणे